जहाज म्हातारं झालं की कुठे जातं?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला आहे. सुट्टी लागायला चार दिवस उरले होते आणि चौथीतला एक मुलगा सलग दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो हाताला इंजिनाच्या तेलाचा वास घेऊनच.

"काय रे, कुठे होतास?" मी विचारलं.

"बाई, आजोबांची होडी मोडली."

माझ्या पोटात धस्स झालं. "अरे, कुठे? कुणाला लागलं तर नाही ना?"

सगळा वर्ग हसायला लागला. तो म्हणाला, "तशी नाही हो बाई! आम्हीच मोडली. म्हातारी झाली होती ती."

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. अंगणात आजोबा बसले होते आणि भोवती होडीचे तुकडे मांडलेले. चांगल्या फळ्या एका बाजूला. त्या शेजाऱ्यांच्या होडीच्या दुरुस्तीला जाणार होत्या. मध्यम फळ्यांचं गोठ्याला दार होणार होतं. कुजलेलं लाकूड चुलीसाठी. इंजिन पुतण्याने आधीच नेलं होतं. नातवंडांना वाकडे खिळे सरळ करायला बसवलं होतं. आणि एका कोपऱ्यात फुटक्या डब्यात जुन्या रंगाच्या खपल्या गोळा करून ठेवल्या होत्या.

"आजोबा, हे कशाला जपून ठेवलंत?" मी विचारलं.

"जपलं नाही बाई, बाजूला काढलंय. म्हशीनं चाटलं तर मरायची. खाडीत टाकलं तर माशांना त्रास. ह्याचं काय करायचं तेच कळत नाही बघा."

तेवढ्यात नातू म्हणाला, "बाई, एवढ्याशा होडीला आम्हाला दोन दिवस लागले. मग बंदरात येतं ते मोठ्ठं लोखंडी जहाज कोण मोडतं? आणि त्याचं सगळं कुठे जातं?"

खरं सांगते मुलांनो, मला उत्तर येत नव्हतं. "शोधून सांगते" असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग पुस्तकं चाळली, माहितगारांना विचारलं आणि दिवाळीच्या सुट्टीत गुजरातमध्ये भावनगरला मावसबहिणीकडे गेले होते, तेव्हा तिथून जवळच असलेल्या अलंगलाही जाऊन आले. त्या मुलाला दिलेलं उत्तर आज तुम्हालाही सांगते.

जहाज म्हातारं का होतं?

जहाज पोलादाचं असतं. पण खारं पाणी आणि खारा वारा पोलादाला रात्रंदिवस खात असतात. रंग द्यायचा, गंज घासायचा, पुन्हा रंग द्यायचा हे काम जहाजावर कधी संपतच नाही. साधारण पंचवीस-तीस वर्षं झाली की दुरुस्तीचा खर्च कमाईपेक्षा जास्त होऊ लागतो. मग मालक ठरवतो, आता पुरे.

अशा वेळी जहाज विकलं जातं. कसं, माहीत आहे? आपण रद्दी विकतो तसंच, वजनावर! माल, इंधन, पाणी सगळं वगळून नुसत्या रिकाम्या जहाजाचं जे वजन भरेल, त्याला टनाचा भाव लावतात. एक टन म्हणजे एक हजार किलो. रिकाम्या जहाजाचं वजनसुद्धा हजारो टन असतं. आता असा तराजू कुठे मिळायचा? तर जहाज पाण्यात किती बुडतं, त्यावरून वजनाचा हिशेब काढतात. आर्किमिडीज तिथेही कामाला येतो, बरं का!

जगातली बहुतेक मोठी जहाजं शेवटी भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि तुर्कस्तान या देशांच्या किनाऱ्यांवर येतात. आणि भारतातला सर्वांत मोठा असा किनारा म्हणजे अलंग.

उधाणाची वाट बघणारा किनारा

अलंग हे खंबातच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. नकाशात गुजरातकडे बघा. सौराष्ट्र आणि दक्षिण गुजरात यांच्यामध्ये समुद्र नरसाळ्यासारखा आत घुसलेला दिसेल. तोंडाशी रुंद, आत अरुंद. भरतीचं पाणी या नरसाळ्यात शिरलं की त्याला पसरायला जागा मिळत नाही. मग ते उंच चढतं. उधाणाच्या दिवशी इथल्या भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक दहा मीटरच्या घरात जातो. म्हणजे जवळजवळ तीन मजली इमारतीएवढा!

शिवाय इथला किनारा मंद उताराचा आहे. या दोन गोष्टींचा फायदा घेऊन १९८३ सालच्या फेब्रुवारीत इथे पहिलं जहाज किनाऱ्याला लावलं. त्याचं नाव 'कोटा तेनजोंग'. त्यानंतर इथे हजारो जहाजं येऊन गेली. आज सुमारे दहा किलोमीटर किनाऱ्यावर जहाजं मोडण्याचे दीडशेच्या आसपास प्लॉट आहेत. त्यांची व्यवस्था गुजरात मेरीटाइम बोर्ड पाहतं.

जहाज किनाऱ्याला लावायचं म्हणजे काय करतात? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती गाठायची. कप्तान जहाज थेट किनाऱ्याच्या दिशेने वळवतो आणि इंजिन पूर्ण जोरात सोडतो. एरवी जहाज किनाऱ्याला घासू नये म्हणून कप्तानाची केवढी धडपड असते! आणि इथे तोच ते मुद्दाम चिखलात घुसवतो. पाणी ओसरलं की जहाज तिथेच बसतं. ज्यांचं इंजिन बंद पडलेलं असतं, त्यांना दुसऱ्या बोटी ओढत आणतात.

प्लॉटच्या आत कुणालाही असं सहज जाऊ देत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण काम धोक्याचं आहे. मी लांबूनच पाहिलं. एका जहाजाचं नाक कापून झालं होतं आणि आतले मजले उघडे पडले होते. पावाची वडी मधून कापल्यावर आतली जाळी दिसते ना, अगदी तसं!

पोळीसारखं लाटलेलं पोलाद

जहाज आलं की लगेच कापायला घेत नाहीत. आधी सरकारी तपासणी होते. टाक्यांमध्ये उरलेलं तेल काढतात. कुठे पेट घेणारा वायू साठला नाही ना, हे बघून दाखला घ्यावा लागतो. मग पलंग, कपाटं, भांडी, दारं, दोर, दिवे असं सगळं सुटं सामान बाहेर निघतं. त्यानंतर गॅस कटर घेतलेले कामगार पोलादाचे मोठाले भाग कापतात. क्रेनने ते खाली उतरवतात आणि तिथे त्यांचे आणखी लहान तुकडे करतात. एका मध्यम जहाजाला असे काही महिने लागतात.

हे तुकडे ट्रकमधून कारखान्यांकडे जातात. भावनगरजवळच्या सिहोरला असे पुष्कळ कारखाने आहेत. यातली गंमत ऐका. जहाजाचं पत्र्यासारखं पोलाद वितळवावंच लागतं असं नाही. त्याच्या पट्ट्या भट्टीत लालभडक तापवतात आणि रुळांमधून दाबून त्यांच्या सळ्या, पट्ट्या, अँगल काढतात. आई कणकेचा गोळा लाटून पोळी करते, तसंच हे लाटण्याचं काम. वितळवण्यापेक्षा यात इंधन कमी लागतं. बाकीचं भंगार मात्र भट्टीत वितळवून त्याचं नवं पोलाद करतात. पाण्याखाली फिरणारा मोठा पंखा कांस्य धातूचा असतो. त्याला तर चांगलाच भाव येतो. तारांमधून तांबं निघतं. एकूण जहाजाच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पुन्हा कुठे ना कुठे उपयोगी पडतो.

आता पाचवीच्या वरच्या मुलांनी पाटी-पेन्सिल घ्या. एक टन पोलादाचं भंगार पुन्हा वापरलं की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. समजा, एका जहाजातून ९००० टन पोलाद निघालं. तर लोहखनिज किती वाचलं? ९००० गुणिले १.४, म्हणजे १२,६०० टन. दहा टनांच्या ट्रकमध्ये भरायचं म्हटलं तर १२६० ट्रक! तेवढा डोंगर खणायचा वाचला. कोळशाचा हिशेब तुम्ही करा. उत्तर शेवटी दिलं आहे, पण आधी बघायचं नाही हं!

खाणीतून काढलं, वापरलं, फेकलं, ही झाली सरळ रेघ. वापरलेलं पुन्हा कामाला लावलं की त्या रेघेचं वर्तुळ होतं. मोठी माणसं याला 'चक्राकार अर्थव्यवस्था' असं भारदस्त नाव देतात. आमच्या आजोबांनी हे नाव ऐकलेलं नाही. पण त्यांच्या अंगणात मला दिसलं ते तेच.

खाडा म्हणजे जादूचं दुकान

अलंगला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं आहेत. तिथे त्यांना 'खाडा' म्हणतात. जहाजांतून निघालेलं सुटं सामान इथे विकायला असतं. एका दुकानात नुसत्या खुर्च्या. दुसऱ्यात हॉटेलला लागतात तसली अवाढव्य पातेली. तिसऱ्यात नारिंगी जीवरक्षक जाकिटांचा ढीग. गोल खिडक्या, जाड दोर, गाद्या, आरसे, व्यायामाची यंत्रं! कुठल्या कुठल्या देशांच्या भाषांतल्या पाट्या त्यांवर. शाळा, दवाखाने, खानावळी, घरं यांना लागणाऱ्या वस्तू नव्यापेक्षा स्वस्तात मिळतात म्हणून लोक लांबून येतात.

मी साठ रुपयांना एक चिनी मातीचा जाड मग घेतला. बुडाशी रुंद, म्हणजे जहाज हललं तरी कलंडायला नको. त्यावर जहाजाचं नाव होतं, पण ते अर्धं पुसलं गेलं आहे. तो मग आता माझ्या टेबलावर आहे आणि त्यात खडू असतात. त्याने किती समुद्र पाहिले असतील, यावर आमच्या वर्गात रोज नवी गोष्ट तयार होते.

कबड्डीच्या पस्तीस मैदानांएवढं जहाज

आता एका राक्षसी जहाजाची गोष्ट सांगते. जपानमध्ये १९७९ साली तयार झालेलं हे तेलवाहू जहाज. पुढे त्याची ओळख 'सीवाइज जायंट' या नावाने झाली. लांबी ४५८ मीटर! कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब असतं. अशी पस्तीस मैदानं एकापुढे एक मांडली तरी हे जहाज थोडंसं उरेलच. आजवर बांधलेलं हे सर्वांत लांब जहाज.

१९८८ साली इराण आणि इराक यांच्या युद्धात त्याच्यावर बॉम्ब पडले. आग लागली आणि ते उथळ पाण्यात बुडालं. संपलं असं सगळ्यांना वाटलं. पण ते वर काढण्यात आलं, सिंगापूरला त्याची दुरुस्ती झाली आणि ते नव्या नावाने पुन्हा समुद्रावर फिरू लागलं. २००४ नंतर त्याचं फिरणं थांबलं. मग त्याला कतारच्या समुद्रात नांगरून तेल साठवायची तरंगती टाकी म्हणून वापरलं. शेवटी २००९ च्या डिसेंबरमध्ये ते अलंगला आलं आणि पुढच्या वर्षी मोडलं गेलं. त्याचा ३६ टनांचा नांगर मात्र हाँगकाँगच्या सागरी संग्रहालयाकडे गेला.

या गोष्टीतला क्रम नीट लक्षात ठेवा. आधी दुरुस्ती. दुरुस्तीने भागेना तेव्हा दुसरं काम. तेही संपलं तेव्हा मोडणी. सायकलची चेन तुटली म्हणून कुणी लगेच सायकल भंगारात देत नाही ना? तोच हा शहाणपणा.

विक्रांत आणि विराट

आपल्या नौदलाची 'विक्रांत' ही विमानवाहू नौका तुम्हाला माहीत असेल. तुमच्या आईबाबांनी लहानपणी तिच्यावर पाऊलसुद्धा ठेवलं असेल. ती १९६१ साली भारतीय नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी मोठी कामगिरी केली. १९९७ साली ती निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत तिच्यावर संग्रहालय होतं, पण पत्रा इतका झिजला की २०१२ साली ते बंद करावं लागलं. २०१४ मध्ये मुंबईतच, रे रोड स्टेशनजवळच्या दारूखान्यात, तिची मोडणी सुरू झाली. पुष्कळांना वाईट वाटलं. निवृत्त नौसैनिकांना तर फारच.

पण पुढे काय झालं? बजाज कंपनीने तिच्या पोलादाचा काही भाग घेतला आणि २०१६ साली आलेल्या एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत तो वापरला. त्याच वर्षी मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटसमोर तिच्याच धातूतून घडवलेलं स्मारक उभं राहिलं. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला बांधलेली नवी विमानवाहू नौका नौदलात आली, तिचं नावही 'विक्रांत'च ठेवलं. म्हणजे बघा, नावसुद्धा वाया गेलं नाही!

तिची सोबतीण 'विराट'. १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षं ती आपल्या नौदलात होती. तिचं संग्रहालय करायच्या योजना निघाल्या, पण एकही पार पडली नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिला मुंबईहून ओढत अलंगला नेलं.

न दिसणारा धोका

इथवर सगळं छान छान वाटलं असेल. पण आजोबांचा तो रंगाच्या खपल्यांचा डबा आठवतो का? मोठ्या जहाजातही तसला 'डबा' असतो. फक्त तो फार फार मोठा असतो.

जुन्या जहाजांत उष्णता अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉस वापरलेलं असतं. ते फोडलं की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. श्वासातून ते फुप्फुसात गेले की तिथेच रुतून बसतात आणि कित्येक वर्षांनी जीवघेणे आजार होतात. जुन्या रंगांत शिसं आणि इतर विषारी पदार्थ असतात. कटरच्या ज्योतीने रंग जळला की त्याचा धूर कापणाऱ्याच्या नाकात जातो. टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ असतो. तो समुद्रात गेला तर मासे, खेकडे, खारफुटी सगळ्यांनाच त्रास. आणि वायू साठलेल्या जागी ठिणगी पडली तर स्फोट. आजवर जहाजं मोडताना भाजून, चिरडून, उंचावरून पडून अनेक कामगारांचे जीव गेले आहेत.

अलंगच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी मला एक कटर चालवणारे दादा भेटले. मूळ ओडिशाचे. इथे काम करणारे बहुतेक जण असेच ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता. ही जखम अलंगची नव्हती, पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी काम करतानाची होती. तेव्हा त्यांना ना हातमोजे दिले होते, ना तोंडाला लावायला काही. तिथेच त्यांचा जोडीदार उंचावरून पडला. तो वाचला, पण पुन्हा कामावर येऊ शकला नाही.

"आता हेल्मेट आहे, बूट आहेत, पट्टा आहे," ते म्हणाले. "कामाआधी शिकवतातसुद्धा. पण दीदी, लोखंड पडतं ते दिसतं. गॅस दिसत नाही. आतमध्ये काय आहे ते कुणीतरी आधी सांगायला पाहिजे."

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

आत काय आहे, सांगा बरं!

'क्लेमांसो' नावाची फ्रान्सची एक जुनी विमानवाहू नौका होती. २००५ च्या अखेरीस तिला अलंगला पाठवायला काढलं. पण तिच्यात ॲस्बेस्टॉस किती उरलं आहे, यावर मोठा वाद झाला. एक म्हणे एवढं, दुसरा म्हणे त्याच्या कितीतरी पट. खात्रीने कुणालाच सांगता येईना! प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलं. शेवटी २००६ च्या फेब्रुवारीत फ्रान्सचे अध्यक्ष झाक शिराक यांनी तिला अर्ध्या वाटेतून परत बोलावलं. पुढे इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती मोडली गेली.

म्हणजे त्या कटरवाल्या दादांचं म्हणणं किती खरं होतं बघा.

यावर जगातल्या देशांनी मिळून एक उपाय काढला. २००९ साली हाँगकाँगला एक करार झाला. त्यानुसार प्रत्येक मोठ्या व्यापारी जहाजाबरोबर धोकादायक पदार्थांची एक यादी असली पाहिजे. ॲस्बेस्टॉस कुठे आहे, विषारी रंग कुठे आहे, किती आहे, सगळं त्यात लिहायचं. तुमच्या आईने तुमच्या लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलेलं असतं ना? तसंच जहाजाचं हे कार्ड. नवं जहाज बांधतानाच ते तयार करायचं आणि मोडेपर्यंत सांभाळायचं. शिवाय परवानगी असलेल्या जागीच जहाज मोडायचं आणि ते कसं मोडणार, याचा आराखडा आधी लिहून द्यायचा.

पण करार झाला म्हणून लगेच लागू होत नाही. पुरेशा देशांनी त्यात सामील व्हावं लागतं. भारताने २०१९ साली त्यासाठी कायदा केला आणि करारातही सामील झाला. २०२३ साली बांगलादेश आणि लायबेरिया आले. आणि अखेर २६ जून २०२५ पासून करार लागू झाला. हाँगकाँगच्या बैठकीपासून मोजा, सोळा वर्षं लागली! पहिलीत गेलेलं मूल एवढ्या काळात कॉलेज संपवून बाहेर पडतं.

अलंगच्या अनेक प्लॉटनी २०१५ पासूनच तयारी सुरू केली होती. चिखलाऐवजी काँक्रीटची फरशी, मोठ्या क्रेन, कचरा साठवायला वेगळ्या जागा अशा सुधारणा तिथे झाल्या. तरी वाद संपलेला नाही. काही पर्यावरणवादी म्हणतात की भरतीच्या किनाऱ्यावर जहाज मोडूच नये, कोरड्या गोदीत मोडावं, म्हणजे सांडलेलं तेल समुद्रात जाणार नाही. प्लॉटवाले म्हणतात, आम्ही काळजी घेतो आणि हजारोंना रोजगारही देतो. आणखी एक गोष्ट. हा करार युद्धनौकांना लागू नाही. म्हणजे अजून काम बाकी आहे.

डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीने आणखी एक पाऊल टाकलं. २०१३ पासून समुद्रावर आलेल्या त्यांच्या 'ट्रिपल-ई' जातीच्या प्रचंड जहाजांसाठी त्यांनी सुट्या भागांची नोंदवहीच केली. कुठला भाग कसल्या धातूचा, तो सुटा कसा करायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. चांगलं आणि हलकं पोलाद एकत्र झालं की चांगल्याचाही भाव उतरतो. वेगळं ठेवलं तर ते पुन्हा चांगल्या कामाला येतं. जहाज जन्माला येतानाच त्याच्या म्हातारपणाचा विचार केलेला बरा, नाही का?

पुन्हा आजोबांच्या अंगणात

सुट्टी संपल्यावर मी हे सगळं वर्गात सांगितलं. तो प्रश्न विचारणारा मुलगा आता पाचवीत गेला आहे, तोही मधल्या सुट्टीत येऊन ऐकत उभा होता. मी विचारलं, "मग सांगा, जहाज मोडणं चांगलं की वाईट?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "बाई, लोखंड परत वापरलं ते चांगलंच. पण मोडणारा माणूस संध्याकाळी धड घरी आला पाहिजे. नाहीतर लोखंड वाचलं आणि माणूस वाया गेला."

मला याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं.

त्याच्या आजोबांनी रंगाच्या खपल्यांचा तो डबा अजून झाकण लावून माळ्यावर ठेवला आहे. आमच्या गावात तसला कचरा नेणारं कुणी नाही. म्हणून आमच्या पाचवीच्या मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं आहे. गावात होड्या पुष्कळ आहेत आणि आज ना उद्या त्या सगळ्याच म्हाताऱ्या होणार. रंगाच्या खपल्या, इंजिनाचं जळकं तेल आणि जुन्या बॅटऱ्या यांच्यासाठी एक वेगळी जागा हवी, अशी त्यांची मागणी आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मुलं रोज विचारतात.

करून पाहा

घरातली एखादी बंद पडलेली वस्तू निवडा. जुना पंखा, सायकल, मिक्सर, काहीही चालेल. ती उघडायची असेल तर मोठ्यांना बरोबर घ्या आणि विजेची वस्तू असेल तर आधी पिन काढा. मग वहीत चार रकाने आखा.

१. यातलं काय दुरुस्त होईल?
२. काय दुसऱ्या कामाला येईल?
३. काय भंगारात देता येईल?
४. यात धोक्याचं काय आहे?

चौथा रकाना रिकामा सोडू नका. तो भरायला आईबाबांची, गावातल्या मिस्त्रीकाकांची, भंगारवाल्या काकांची मदत घ्या. रोज हाताळून त्यांना पुष्कळ काही ठाऊक असतं. आणि वस्तू भंगारात देताना ही यादी काकांच्या हातात द्यायला विसरू नका.

(कोळशाचं उत्तर : ६६६० टन. आलं ना बरोबर?)